पाटीपुरती जागा

(शुगर लँड, टेक्सास. २००७ सालच्या मे महिन्यातला शनिवार. गॅरेजचं दार अर्धं वर. आत घरी बांधलेली निळी, दोनच माणसांची मोटार. रामभाऊ तिच्या मागे उकिडवे बसलेले, रत्नाबाई जवळच्या स्टुलावर.)

रामभाऊ: नाही वहिनी, बसतच नाही. तुम्हीच पाहा ना.

रत्ना: जोर नका लावू, पत्रा वाकेल. हे असते तर तुमच्यावर ओरडले असते.

रामभाऊ: मोरेश्वर कुठला ओरडतो. चष्मा काढायचा, बनियनला पुसायचा अन् म्हणायचा, "रामभाऊ, माप पुन्हा घ्यावं लागेल." आठ वर्षं मी हेच ऐकून राहिलो. दाराच्या बिजागरीला माप पुन्हा, सीटला माप पुन्हा. माझ्या हाताखाली कारखान्यात असता तर पहिल्या आठवड्यात घरी पाठवला असता त्याला.

रत्ना: आणि तुम्ही दर शनिवारी कुरकुर करत पुन्हा हजर.

रामभाऊ: मग काय करू? घरी बसून टीव्ही पाहू?

रत्ना: पाटी द्या बघू माझ्याकडे. मी अजून नीट पाहिलीच नाही. तुम्ही आल्या आल्या खाली बसलात.

रामभाऊ: घ्या. ही मागची, ती पाकिटात समोरची. टेक्सासात दोन्ही लागतात. काउंटी ऑफिसच्या खिडकीतली बाई विचारत होती, इतका अर्ज करून मागवलेला नंबर, याचा अर्थ काय म्हणून. मी म्हटलं, बाई, ज्यानं मागवला तो गेला, मलाच माहीत नाही. लोक बायकोचं नाव टाकतात, कुत्र्याचं टाकतात. यानं काय टाकलं, तर एमएचके सातशे सव्वीस. मी त्याला दोनदा विचारलं होतं. म्हणाला, गाडी रस्त्यावर आली की सांगतो.

रत्ना: सातशे सव्वीस? थांबा, पुन्हा वाचू दे मला.

रामभाऊ: वहिनी? काय झालं? ऊन लागते का तिथे? दार खाली घेऊ?

रत्ना: नको, राहू दे. मला माहीत आहे हा नंबर.

रामभाऊ: तुमच्या स्कूटरचा?

रत्ना: नाही हो. ती गाडी आमची नव्हतीच कधी. लग्न लागलं जतला आणि वरात निघाली सांगलीला. भाड्याची मोटार होती, काळी. कवठे महांकाळच्या अलीकडे बंद पडली. मे महिना, आजच्यासारखाच. मामंजी आणि बाकीचे पुरुष बाभळीखाली जाऊन बसले. सासूबाईंनी माझी ट्रंक खाली काढायला लावली आणि मला गाडीच्या मागे सावलीत तिच्यावर बसवलं. नव्या नवरीनं मान वर करायची नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. मग बघू काय? डोळ्यांसमोर गाडीची पाटी. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं काढलेली, सातातला रंग थोडा ओघळलेला. संध्याकाळ होईपर्यंत मी तेवढीच वाचत बसले होते.

रामभाऊ: अन् मोरेश्वर?

रत्ना: हे ड्रायव्हरबरोबर गाडीखाली. लग्नातलं धोतर नेसून. मला फक्त पाय दिसत होते. माझ्या नवऱ्याचं पहिलं नीट दर्शन म्हणजे ते पाय. बाहेर आले तेव्हा धोतर ऑइलनं काळं झालं होतं आणि चेहरा असा, जसं काही परीक्षेत पहिला नंबर आलाय. सासूबाई रागावत होत्या आणि हे माझ्याकडे बघून हसत होते. मी पुन्हा मान खाली घालून पाटीकडे बघायला लागले.

रामभाऊ: मला हे कधी बोलला नाही तो.

रत्ना: मलाही कधी बोलले नाहीत. इतकी वर्षं मला वाटायचं, हा नंबर फक्त माझ्या एकटीच्याच लक्षात आहे. तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगितला असता. पण असा नंबर कोण कुणाला विचारतं?

रामभाऊ: घ्या, पाणी प्या थोडं.

रत्ना: मी ठीक आहे. तुम्ही पाटीचं बघा. का बसत नाही?

रामभाऊ: ही खाच पाहा, शेपटीतली. लांबट अन् बुटकी. अन् इथली पाटी आखूड, उंच. वरून आत जात नाही अन् बाजूला हात जाईल एवढी जागा रिकामी. ही खाच आपल्याकडच्या पाटीची आहे, वहिनी. तुमच्या त्या काळ्या मोटारीच्या पाटीची म्हणा ना. म्हातारपणी त्याच्या डोक्यात तिकडचंच माप आलं असेल. होते असं. मी पण अजून कपडा मीटरमध्येच मागतो.

रत्ना: खाच कापली कुणी?

रामभाऊ: कापली मीच. माप त्यानं सांगितलं, मी कापली. माझी कमला गेल्यावरचा दुसरा का तिसरा शनिवार होता. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो बोलला तेवढं कापलं. नाहीतर माझ्या लक्षात आलं असतं बाप्पा, एवढा तर मी ढ नाही.

रत्ना: चूक झाली नाही त्यांची.

रामभाऊ: म्हणजे?

रत्ना: तीस वर्षं इथल्या गाड्यांना पाट्या लावल्या त्यांनी. झोपेतसुद्धा माप सांगितलं असतं. ती खाच मुद्दाम तशी केली.

रामभाऊ: मुद्दाम? काऊन?

रत्ना: तुमच्यासाठी.

रामभाऊ: माझ्यासाठी कशाला? मला पाटीचं काय करायचं?

रत्ना: कमलाताई गेल्या तेव्हा गाडी जवळजवळ होत आली होती, आठवतं? तुम्हीच म्हणाला होता, दिवाळीपर्यंत रस्त्यावर काढू. त्या रात्री जेवताना हे म्हणाले, गाडी झाली तर रामभाऊ शनिवारी जाणार कुठे? घरात कमलाचा फोटो, बुद्धाची मूर्ती, एक मेणबत्ती आणि हा. मग इंजिन पुन्हा उतरवलं. रंग आवडला नाही म्हणून खरवडला. तो रंग काही वाईट नव्हता, रामभाऊ, मला आवडायचा. आणि ही खाच. मला म्हणाले, सगळं संपेल ना, तेव्हा शेवटी पाटी बसणार नाही. रामभाऊ मला शिव्या घालेल आणि अख्खी शेपूट पुन्हा करायला घेईल. सहा महिने निघतील आरामात.

रामभाऊ: म्हणजे मला शनिवारी यायला जागा राहावी म्हणून?

रत्ना: बोलायला नको होतं का मी?

रामभाऊ: रंग खरवडून खरवडून माझी बोटं सोलली होती, वहिनी. मी त्याला काय काय बोललो. रीटा वादळ आलं तेव्हा शहर सोडून पळताना अख्खं ह्यूस्टन हायवेवर अडकलं होतं अन् आम्ही दोघं इथे गाडीवर गाद्या बांधून राहिलो. तेव्हा पण बोललो, की तुझ्या या डब्यापायी मरू एक दिवस. तो नुसता चष्मा पुसत होता.

रत्ना: मजेत होते ते. तुम्हाला वाटतं तितके साधे नव्हते.

रामभाऊ: बरं झालं नाही सांगितलं. तेव्हा कळलं असतं तर मी आलोच नसतो. कोणाची दया नको होती मला.

रत्ना: दया नव्हती हो. त्यांना तरी दुसरं कोण होतं बोलायला? मी स्वयंपाकघरात असायची, मधलं दार उघडं ठेवून. तुमचा ठोकाठोकीचा आवाज आला की बरं वाटायचं. आता शनिवारी सकाळी मी रेडिओ लावते. नुसती खरखर असली तरी चालतं.

रामभाऊ: असू द्या. आज संपवून टाकतो. शेपटीला हात लावायची गरज नाही. दोन पट्ट्या वाकवतो अन् पाटी बंपरच्या खाली लोंबती लावतो. चहा होईपर्यंत होऊन जाते. मग तुम्हाला एक चक्कर मारून आणतो, अन् गाडी तुमची.

रत्ना: आजच संपवायची?

रामभाऊ: काय वहिनी? लोंबती नको?

रत्ना: तसं नाही. मी अनीशला शब्द दिलाय. जर्सी सिटीला ये म्हणून सहा महिने मागे लागलाय. एकटी कशी राहतेस, पडलीस तर कोण बघेल. बरोबरच आहे त्याचं. मी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, बाबांची गाडी पूर्ण झाली की येते. त्यानं ते लक्षात ठेवलं. पाटी लागली की तो येणार, गाडी कुणा हौशी माणसाला देणार, घर विक्रीला लावणार आणि मला घेऊन जाणार.

रामभाऊ: हे मला आज सांगता?

रत्ना: तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाट्या आणायला गेला नसता.

रामभाऊ: गेलो असतो. उशिरा गेलो असतो.

रत्ना: अनीश वाईट नाही हो. सून चांगली आहे. इशितानं माझ्या खोलीला पडदेसुद्धा लावलेत. विसाव्या मजल्यावर आहे, नदी दिसते म्हणतात. पण मी मागच्या वेळी पंधरवडाभर राहिले. ती दोघं सकाळी ट्रेननं जायची ती संध्याकाळी यायची. दिवसभर मी आणि लिफ्टचा आवाज. कुणाचा मजला आला, कुणाचा गेला, एवढंच कळायचं.

रामभाऊ: फोन वाजून राहिला तुमचा. त्याचाच असेल.

रत्ना: त्याचाच. शनिवारी याच वेळी करतो. स्पीकरवर टाकते, मला हातात धरून ऐकू येत नाही. हॅलो, अनीश?

अनीश: आई, काय करतेस? रामभाऊ काका येणार होते ना आज?

रत्ना: आलेत. इथेच गॅरेजमध्ये आहोत.

रामभाऊ: कसा आहेस, बेटा?

अनीश: मस्त, काका. प्लेट्स मिळाल्या का?

रामभाऊ: मिळाल्या.

अनीश: परफेक्ट. मग आई, मी महिनाअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीचं तिकीट बुक करतो. मी एकटाच येतो, तुझं पॅकिंग करू, गाडीचं काय ते बघू. तुझी रूम केव्हाची रेडी आहे. मी रोज ऑफिसला जाताना त्या रूममधला लाइट चेक करतो, उगाचच. रिकामी रूम बघून कसंतरी वाटतं गं.

रत्ना: हो रे. मला कळतं.

अनीश: मग करू बुक?

रत्ना: थांब जरा. पाटी अजून लागली नाही. बसत नाहीये.

अनीश: बसत नाही म्हणजे? स्टँडर्ड साइज असते.

रत्ना: पाटी बरोबर आहे. तिची जागा चुकलीय.

अनीश: बाबांचं माप चुकलं? इम्पॉसिबल. काका, ब्रॅकेट लावून खाली फिक्स करता येईल ना? सगळे तेच करतात.

रामभाऊ: येईल. लावता येईल.

अनीश: मग आजच होईल ना ते?

रामभाऊ: होईल, बेटा. पण तुझ्या बाबाच्या गाडीला लोंबती पाटी मी लावणार नाही. शेपटीचा पत्रा पूर्ण काढावा लागते. नवा वाकवावा लागते. मग रंग. हा निळा रंग पण मला पटत नाही, वहिनींना जुना आवडायचा.

अनीश: ओके. पण काका, अंदाजे किती वीक्स? मला तिकिटाचं बघायचंय.

रत्ना: रामभाऊ, तो विचारतोय, किती दिवस लागतील.

रामभाऊ: ऐकलं मी. आज कसं सांगू, बेटा? माप पुन्हा घ्यावं लागेल.