टिलवे कुठं उतरले?

बसा, बाबांनो, बसा. मागं उभं ऱ्हाऊ नका, पुढं जागा हाय. वहिनी, पोरींनो, सोयरेधायरे, लांबनं आलेले पाव्हणे, समद्यांना माझा नमस्कार. उत्तमदादा गेले, आन् बोलायला उभा केला मला. मी मेंढरं वळणारा. माझं बोलणं जित्राबांशी. पन वहिनी म्हणाल्या, धोंडीभाऊ, दोन शब्द तुमीच बोला. म्हणून उभा हाय.

दादा पोस्टातनं रिटायर झाले, तवापासनं दर पोळ्याच्या सुमाराला सकाळी धरणाच्या काठाला यायचे. गळ्यात दुर्बीण. माझी मेंढरं तिथंच असायची. तुमाला वाटायचं, दादा पाणी बघाया जातात. वाटंत गाठून विचारायचा, दादा, पाणी कुठवर आलं? दादा सांगायचे, आन् त्यावर तुमी काठावरच्या पाणी खेचायच्या मोटारी मागं-पुढं करायचा.

आज खरं सांगतो. दादा पाणी बघत नव्हते. दादा चिखल बघायचे.

त्या चिखलात टिलवे उतरायचे. चिमणीएवढं पाखरू, बर्फाच्या मुलखातनं येतं म्हणायचे. चिखल असला तरच उतरतं. धरण भरलं की चिखल न्हाय, पाखरू न्हाय. आता सांगा, समद्या गावाचा डोळा धरण भरायकडं लागलेला, तिथं हे कुणाला बोलायचं? पाणी हटलं की दादांचा जीव हरखायचा, आन् लगेच तोंड उतरायचं. मी चिडवायचो, दादा, गावाला कळलं तर जोड्यानं हाणतील. ते हसायचे न्हाईत. म्हणायचे, गप रे, माझी मलाच लाज वाटते.

औंदा दादा खाटंला खिळले. पोळ्याच्या तोंडावर वरच्या अंगाला पाऊस झाला आन् रातोरात पाणी चढलं. तुमी पेढे वाटले. म्या बी खाल्ला. मेंढरांना बी पाणी लागतंच की. मग दादांकडं गेलो. लपवलं न्हाय. पाणी आलं, चिखल बुडाला, म्हणलं. दादांनी डोळं मिटलं. म्हणाले, बरं झालं, गावाचं बरं झालं. मग माझं मनगट धरलं.

"धोंडी, मग टिलवे कुठं उतरले?"

मी पाणी बघून आलतो. पाखरं कुणी बघितली? म्हणलं, उद्या बघून सांगतो. दुसऱ्या दिशी काठानं हिंडून हिंडून पाय भरून आले. एक टिलवा दिसला न्हाय. माघारी आलो, तर दारात माणसं जमलेली.

तवापासनं रोज हिंडतोय. थकलो, बाबांनो. माझ्या एकट्याच्यानं व्हईना. ज्यांची रानं काठाला हायत, त्यांनी ऐका. साचल्या पाण्याच्या कडंला बारकी करडी पाखरं तुरुतुरु पळताना दिसली, तर हुसकू नका. ती दाणं खात न्हाईत, किडं खात्यात. त्या तुकड्यात चार दिस औत घालू नका. पाखरांना लांब जायाचं असतंय, जरा खाऊ द्या. आन् मला येऊन सांगा. अपरात्री आलात तरी चालंल. माणसानं जाताना विचारलेलं असं लोंबकळत ठेवू न्हाय.

आता समदे उभं ऱ्हावा. थोडा येळ कुणी बोलू नका.

दादा, जय भीम. सांगतो मी. जरा दम धरा.