बिनदाण्याची शिट्टी

इथे आखातात, गुदैबियाच्या खेळसामानाच्या दुकानात मी मुलीच्या बॅडमिंटनची फुलं घ्यायला गेले होते. माझ्यापुढे दोघे शिट्ट्या बघत होते. बाहेर त्यांच्या पिकअपमध्ये साहेबांचा शिकारी कुत्रा जीभ काढून उभा होता.

"हुसेनभाई, तोंडानंच शीळ घाला की. ब्रूनोला तीच कळते. लांब शीळ घातली की खाली बसतो."

"माज्या आईनं कधी शीळ घालू दिली नाय, खंडू. घरात शैतान येतो म्हणायची."

"आणि मी गावी गेल्यावर तुम्हीच सांभाळणार त्याला. त्यानं तुमचं ऐकलं नाही तर साहेब माझी लीव्ह खलास करतील. बहिणीचं लग्न आहे हो!"

"म्हणून तर शिट्टी घेतोय. ही बघ, पंचाची."

"वाजवा... ब्रूनो ढिम्म! आत दाणा आहे ना, आवाज थरथरतो. वाळू गेली की दाणाही अडकणार. ही शिंगाची घ्या, बिनदाण्याची. लांब फुंका."

"बसला! खंडू, बसला रे!"

"बघू... खरंच की."

"माज्याकडंच बघतोय. यल्ला, चल, आता बिनघोर जा लग्नाला."

"जातो की. पण लबाडानं एकदा तरी माझ्याकडं बघायचं होतं!"