भावजींचा टीव्ही आणि जिन्याचं वळण

...आणि वर मलाच म्हणतात, "तू खालून धर!" आता खालून धर म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा! जुना टीव्ही, पिक्चर ट्यूबवाला, मागे हे एवढं पोट, आणि तो चढतोय जिना. वरच्या बाजूला आमचे भावजी, म्हणजे नुसता हात लावून, आणि खालच्या बाजूला मी! टीव्हीचं तोंड भावजींकडे, पोट माझ्या छातीवर. मी आपला धापा टाकत विचारतोय, "भावजी, वळणावर बसेल का हो हा?" आणि वरून आवाज काय येतो? "आरामात बसतंय!"

तुम्हाला सांगतो, या दोन शब्दांनी माझ्या बहिणीचं घर भरलंय. अक्षरशः भरलंय! भावजी चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "आरामात बसतंय!" आता नाकावर चालतं हो ते, कान थोडे मागे घेतले की झालं. पण तीच नजर माणसाने घरी आणावी?

त्याचं असं झालं, भावजी लहान असताना त्यांच्याकडे एक व्हिडीओ गेम होता. घर बदलताना घरच्यांनी तो कुणाला तरी देऊन टाकला. ह्यांना विचारलंसुद्धा नाही! हे शाळेतून आले तर गेम नाही. तेव्हापासून भावजींच्या छातीत एक चौकोनी जागा रिकामी आहे. बरं, ती भरायला एक गेम पुरे ना? छे! मिळेल तो जुना गेम, मिळेल ती कॅसेट, बटण तुटलेले रिमोट, वायर कुरतडलेले रिमोट... घरात आणायचं, कॅसेटमध्ये फुंकर मारायची, आणि कुठल्या तरी फटीत सरकवून म्हणायचं, "आरामात बसतंय!" ताईने कणकेच्या डब्यात हात घातला, आत जॉयस्टिक!

मग ताई उठली. माझी ताई ओरडत नाही हं. ती हळू बोलते. ती हळू बोलायला लागली की मी चपला शोधतो. म्हणाली, "अहो, मागची खोली घ्या. तुमची. रंग लावा, फळ्या ठोका, काय नाचायचं ते नाचा. पण रविवारी संध्याकाळपर्यंत हे सगळं त्या खोलीत. दाराबाहेर एक वायर जरी दिसली, तर सोमवारी भंगारवाल्याला बोलावते."

आणि काय खोली केली हो माणसाने! गर्द निळ्या भिंती, त्यावर चांदण्या, कॅसेटी रंगाप्रमाणे लावलेल्या, बसायला खाली गाद्या. रविवारी सकाळी सगळं तयार. भावजींनी कौतुकाने प्लॅस्टिकची बंदूक काढली, त्या बाटल्या फोडायच्या गेमची, आणि नव्या सपाट टीव्हीवर नेम धरला. धाड! काही नाही. धाड! काही नाही. जवळ गेले, अजून जवळ गेले, नळी काचेला टेकवून मारली... बाटली जागच्या जागी!

"ट्यूबचा टीव्ही लागतो रे," भावजी म्हणाले, "ही बंदूक त्याचाच उजेड ओळखते."

"मग बंदुकीचा गेम सोडा ना!"

तुम्हाला सांगतो, असं बघितलं माझ्याकडे, जणू मी ताईलाच भंगारात द्यायला सांगितलं.

त्याच दुपारी एका लॉजवाल्याने तो टीव्ही दिला. फुकट! फुकट का दिला, ते मला पहिल्या पायरीवर कळलं. असो. पहिला मजला झाला, पुढे चढलो, जिन्याच्या वळणावर भावजींनी एक डोळा मिटला, म्हणाले, "आरामात बसतंय, लाव जोर!" मी लावला. आणि बसला हो! असा बसला, असा बसला, एक खांदा कठड्यात, एक भिंतीत, की मी दोन्ही हात सोडले तरी केसभर हलेना!

तेवढ्यात वरून कोण? तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर. प्रसूतिगृहात नर्स आहेत त्या, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ड्यूटीला निघालेल्या. जायला वाट नाही. त्यांनी पर्स बाजूला ठेवली, बाह्या वर केल्या, वाकून बघितलं. "आडवं आलंय."

"काय?" भावजी.

"आडवं आलंय म्हटलं. घाबरू नका. खालचे, तुम्ही दम घ्या. मोठा श्वास... सोडा... आता ढकला! थांबू नका, ढकला! ढकला!"

मी ढकलतोय हो! माझ्या मागे खालच्या मजल्यावरचे लोक जमलेत, तेही म्हणतायत, ढकला ढकला! सिस्टर म्हणतायत, "येतंय, येतंय, खांदा दिसतोय!" कसला खांदा? टीव्ही ढिम्म! शेवटी त्यांनी फोन लावला, "मला उशीर होईल गं, इथे एक केस अडकलीय."

कुणीतरी वेल्डिंगवाल्याला बोलावणं धाडलं, कठडा कापायला. तो म्हणाला, मशीन घेऊन येतो. आता तो येईपर्यंत काय? वरचे वर, खालचे खाली, आणि वरच्या पायरीवर ताई. नुसतं घड्याळाकडे बघतेय. मी तुम्हाला सांगतो, भावजींच्या कपाळावरचा घाम वजनाचा नव्हता!

तेवढ्यात सिस्टर विचारतात, "एवढं केलंत, पण चालतो तरी का हो हा?"

झालं! माणसाला लागलं ते. भावजी उठले, घरात गेले आणि गेम, बंदूक आणि वायर घेऊन बाहेर आले. लांबलचक! ताईच्या पायांवरून, तिच्या डोळ्यांदेखत, दाराबाहेर वायर! मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं, आता उद्या भंगारवाला टीव्हीही नेणार, भावजींनाही नेणार...

खट्ट. आणि उजेड पडला. म्हणजे वरच्यांच्या तोंडावर पडला, मला कुठला दिसायला? माझ्यासमोर टीव्हीची पाठ, त्यावर लिहिलंय, झाकण उघडू नये! वरून नुसते आवाज. धाड! "फुटली! अय्या, खरंच फुटली!" या सिस्टर. धाड! धाड! खालचे मला विचारतायत, "काय झालं, काय झालं?" मी काय सांगू, म्हटलं, बाटली फुटली असावी. "कोणाची?" अहो, कोणाची म्हणजे?

मग एक हळू आवाज आला. "द्या इकडे."

ताई!

धाड. फुटली. धाड. फुटली. धाड, धाड, धाड... एक नेम चुकला नाही हो! सिस्टर म्हणाल्या, "कुठे शिकलात?" ताई म्हणाली, "शिकायचं काय त्यात? बाटलीच्या जागी ह्यांचा चेहरा धरायचा."

वेल्डिंगवाला आला खालून. मशीन ठेवलं, धाडधाड ऐकली, आणि कठड्याबाहेरून चढून वर गेला, बघायला. गेला तो गेलाच! मी ओरडतोय, "अहो, कापताय ना?" तर वरून म्हणतो, "एवढा डाव होऊ द्या."

अखेर कठडा कापला. टीव्ही सुटला, सिस्टर सुटल्या, जाताना भावजींना म्हणाल्या, "अभिनंदन, सुखरूप आहे." आम्ही टीव्ही घरात घेतला, हॉलमधून निळ्या खोलीच्या दारापाशी नेला. भावजींनी एक डोळा मिटला. म्हणाले, "आराम..."

नाही म्हणाले पुढे. दार टीव्हीच्या पोटापेक्षा बोटभर अरुंद!

तुम्हाला सांगतो, एवढा मोठा माणूस, त्या दारात उभा राहिला आणि त्याची मान अशी खाली गेली... मला खालून धरायला लावलं त्याचा रागच गेला माझा. मागून ताई आली. बंदूक हातातच. दाराकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, भावजींकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग हळू म्हणाली, "हॉलमध्येच लावा."

"पण तू म्हणाली होतीस, दाराबाहेर..."

"म्हणाले होते. आता म्हणतेय, हॉलमध्ये लावा. आणि तो सोफा हलवा, मला नेम धरायला जागा लागते."

सोफा हलवला. कुठे जाणार? निळ्या खोलीत! खुर्च्या तिथे, टीपॉय तिथे. आता संध्याकाळी हॉलमध्ये अर्धी इमारत बाटल्या फोडते, भावजी एकेकाला बंदूक कशी धरायची ते शिकवतात, इतका खूश माणूस मी बघितला नाही. आणि घरी कुणी पाहुणे आले, की त्यांना बसवायचं गेम रूममध्ये. चांदण्यांखाली, भिंतीकडे तोंड करून. परवा माझे होणारे सासू-सासरे आले होते. बसले बिचारे निमूट. थोड्या वेळाने सासूबाई पाणी प्यायला म्हणून उठून गेल्या. भिंतीपलीकडून धाड, धाड, "मेला, मेला!" सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला, मला विचारलं, "घरात... सगळं ठीक आहे ना?"

म्हटलं, हो. टीव्ही चालू आहे.

तर म्हणतात, "मग तो माझ्या बायकोच्या आवाजात का बोलतोय?"