एक जूनची पोरं

...नाही, पण अठराव्या वर्षी मत द्यायचा हक्क फुकट हातात आल्यावर माणसानं निदान हात तरी पुढं करावा की नाही? तुम्हाला सांगतो, एकोणनव्वद साल, सरकारनं एकविसाचं अठरा केलं आणि आमच्या प्राचार्यांच्या अंगात लोकशाही संचारली. मला बोलावून म्हणाले, "सर, राज्यशास्त्र तुमचं, मतदार जागृती तुमची." म्हणजे काय, तर पनवेलच्या त्या उकाड्यात वर्गावर्गात हिंडायचं, अर्ज वाटायचे, आणि समोर पोरं कशी बसलेली? तर दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी. एक विचारतो, "सर, याला मार्क किती?" दुसरा म्हणतो, "सर, त्या दिवशी सुट्टी असते ना? आमचं माथेरानचं ठरलंय." आणि ही वेणू, पहिल्याच बाकावर, बोटं पसरून विचारते, "सर, शाईनं नखं खराब होतात का?"

म्हटलं, झालं. देश सुरक्षित आहे.

एकच पोरगी अर्ज मागत माझ्यामागं स्टाफरूमपर्यंत आली. भामा, या वेणूचीच थोरली बहीण, एफ. वाय.ला. बाप गणू, खाडीत मासेमारी करतो. मी विचारलं, "तुलाच काय एवढी घाई?" तर म्हणाली, "सर, मतं मागाया मानसं येतात ना, ती बाबाला इचारतात, घरात मतं किती? बाबा सांगतो, दोन. मी तितंच उभी असते सर. यंदा मला धरून सांगायचं हाय."

तुम्हाला सांगतो, दहा वर्षं लोकशाही शिकवतोय, एवढी व्याख्या मला कधी जमली नाही.

भामानं वेणूचाही अर्ज भरून आणला. दोघींचे अर्ज घेऊन, भामाला बरोबर घेऊन मी स्वतः तहसील कचेरीत गेलो. तिथं प्रभाकर नावाचा कारकून, पानाचा तोबरा, एकदा हा दाखला बघतो, एकदा तो. "सर, एक जानेवारीला अठरा पूर्ण पाहिजेत. वेणू बसते, दिवाळी सत्तरची. भामा नाही बसत. एक जून एकाहत्तर." अहो, पण थोरली ती! तर हा थुंकून आला आणि म्हणाला, "असेल. पण कागदावर थोरली धाकटीपेक्षा सात महिन्यांनी लहान आहे. त्या माउलीला तरी विचारा, हे जमवलं कसं?" अख्खी कचेरी हसली. मीही हसलो, मग भामा बाहेर बाकावर बसलीय ते आठवलं आणि लाज वाटली.

प्रकार काय, तर वेणू वाढली मोरा बंदरावर मामाकडे, तिची तारीख खरी. भामा गावच्या शाळेत. आणि गावच्या शाळेत तुम्हाला ठाऊकच आहे, जून महिन्यात पोरगं दारात आलं की मास्तर लिहिणार, जन्म एक जून! सगळा गाव एकाच दिवशी बाळंत! पोरगी होळीला जन्मलेली, एकोणसत्तरच्या, आईला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण विचारतो कोण? मी म्हटलं, त्या मास्तराला एकदा माझ्यासमोर आणून बसवा, मग सांगतो. मीपण सुरुवातीला काढलीत की प्राथमिकला वर्षं, आज या शाळेत, उद्या त्या, कुणाच्या रजेवर, कुणाच्या बाळंतपणावर... पण म्हणून काय कुणाचं आयुष्य असं अंदाजे लिहायचं?

घरी कुमुदला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "तुमचाही वाढदिवस एक जूनलाच असतो." म्हटलं, माझी गोष्ट वेगळी.

तरी गेलो त्या शाळेत. गावाचं नाव नाही सांगत, उगाच त्या मास्तराची अब्रू जायची. म्हटलं, मूळ रजिस्टर बघतो, चूक सिद्ध करतो, प्रभाकरच्या टेबलावर आपटतो. सत्याहत्तरचं रजिस्टर निघालं. धूळ झटकली. पहिल्या पोरापुढं तारीख, एक जून एकाहत्तर, आणि खाली? खाली तीसच्या तीस पोरांपुढं दोन-दोन टिंबं. वरीलप्रमाणे! तारीखसुद्धा लिहायचा कंटाळा! भामा अठराव्या टिंबांत. मी म्हटलं, आता नावच बघतो या गृहस्थाचं, आणि पानाखालची सही बघितली...

सही माझी होती.

दीड महिना. कुणाच्यातरी रजेवर. गाव विसरलो होतो मी, पण अक्षर कसं विसरणार?

संध्याकाळी गणूच्या घरी गेलो. भामा बापाच्या मागं उभी. सगळं सांगितलं, अगदी टिंबांसकट. वाटलं, हा आता चार शिव्या देईल, बरं वाटेल. तर गणूनं हात जोडले. "बेस केलंत मास्तर! वय कमी लिवलंत, पोरीला नोकरीन दोन वर्सा जास्त मिलतील. मत काय, पुढल्या टायमाला हायेच." आणि वर एक वाटा कोळंबी बांधून दिली.

भामा तिथंच उभी होती. तिला काय वाटतं ते त्यानं विचारलं नाही. आणि खरं सांगतो, मीही नाही विचारलं.

मतदान झालं. वेणू गेलीच नाही, नखं रंगवली होती. आणि त्या मास्तराला समोर बसवायचं म्हणत होतो ना मी? बसवला की त्याच संध्याकाळी. कुमुदनं ताट वाढलं, दोनदा रस्सा मागून घेतला त्यानं, आणि कोळंबी फार ताजी आहे म्हणाला.