सत्यवतीच्या शिव्या गाण्यात

मांडवीच्या बसथांब्यावर मासेवाली सत्यवती भरली टोपली घेऊन परत निघाली होती. सोबत तिची मुलगी नेत्रा.

“गाण्यात तुझं ते यंत्रावरचं सिंथपॉप, तुझ्या दोस्ताचा, सर्वेशचा रॅप. मध्ये माझ्या शिव्या कशाला घातल्यास?”

“आई, लोकांना गाण्यातल्या शिव्याच तेवढ्या आवडल्यात.”

“म्हणून तर आज टोपलीपाशी जत्रा! मुद्दाम भाव पाडून मागतात, शिव्या मोबाइलात भरतात नि चालते होतात. बांगडा एकाने घेतला नाय!”

“मग शिव्या देऊ नको.”

“गप्प बसून कधी मासळी खपली काय?”

थांब्यावर हे ऐकत उभा असलेला मी पुढे होऊन अर्ध्या भावात बांगडे मागितले.

“आला आणखी एक! बायकोच्या शिव्या खा जा, मेल्या!”

“ती चैत्रात वारली.”

सत्यवतीने टोपलीवरचं फडकं काढलं.

“मग आधी बांगडे घे. शिव्या मागाहून देते.”