‘घर’ लिहिलं की जोडतं

"चौदा नंबर कोण?"

"अहो, खुर्चीवरची पिशवी उचला की."

"पंखा फिरतोय, मग वारा जातो कुठे?"

मेंदूच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. समोर थरथरत्या हातांचे एक आजोबा आणि त्यांची सून बसले होते.

"बाबा, काल वायफाय तुटलं होतं ना? मग ताईंकडे गेलेल्या आईंना व्हिडिओ कॉल कसा लावलात?"

"मीच जोडलं. कॉम्प्युटरवर तुझी ती काळी खिडकी उघडली, ‘घर’ लिहिलं आणि एंटर दाबलं."

"शेजारच्यांना हाक नाही मारली?"

"आता कशाला मारू? तेव्हा माउसचा बाण नुसता नाचायचा, वायफायच्या त्या इवल्याशा चिन्हावर बसेचना. तुझा प्रोग्राम बिचारा माझ्या बोटांसाठी थांबतो."

"आणि चुकलं नाही काही?"

"एक अक्षर नाही! विचार सासूला. म्हणाली, माझ्यानं जे झालं नाही ते सुनेनं केलं, तुम्हाला शहाणं केलं."

"आईंचं आपलं काहीतरीच!"

"उपकार आहेत गं पोरी तुझे."

"पुरे हं, बाबा. उठा, आपला नंबर आला."

ती मघाशी पाणी आणायला गेली, तेव्हा आजोबा शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाले होते, "हात थरथरून ‘घघघर’ झालं तरी जोडतं ते. तिनंच तशी सोय केलीय. मला माहीत नाही, असं तिला वाटतं."