अनसाबाईच्या गोळ्या निलम्माकडे

नाव लिंगाप्पा अंबाजी पुजारी, वय अंदाजे सत्तर, धंदा पूर्वी मेंढरं राखणे, आता शेतमजुरी, राहणार खजुरी, तालुका आळंद, जिल्हा गुलबर्गा. सन २००३.

समक्ष हजर राहून सांगतो की, जबाबाला उशीर झाला, त्याची माफी असावी. बायको अनसाबाई येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला वारली, तेव्हाच यायला हवं होतं. आता शेजारीण निलम्मा हिचाही जीव जाईल या भीतीने आलो.

मुलगा भीमाशंकर पुण्यात बांधकामावर असतो. त्याने गुलबर्ग्याच्या डॉक्टरांवर तक्रार दिली आहे की, आईची छाती दुखत नसताना छातीच्या दुखण्याची गोळी देऊन तिला मारलं. ते खरं नाही.

अनसाबाईचे ठोके चुकायचे. भाकरी थापता थापता भिंत धरून बसायची. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, "गोळी छातीच्या दुखण्याची आहे, पण ठोक्यांवरही चालते. बरं वाटलं तरी सोडायची नाही." गोळी चालू होती तोवर तिने भिंत धरली नाही.

निलम्माची छाती चढावर दुखते. तिलाही तीच गोळी आहे. दिवाळीनंतर तिच्या गोळ्या संपल्या. अनसाबाईने आपली पाकिटं तिच्या ओटीत घातली. मी म्हणालो, "कामून देतीस?"

"माझी छाती कुठं दुखायलीय? तिची दुखायलीय. मेंढरू चरायला लागल्यावर तुमी पाला चारीत बसत होता व्हय?"

निलम्मा हसली. मीही हसलो. आमच्यात आजारी जनावर चरू लागलं की औषधाचा पाला बंद करतात.

येळवशीला शेतात पूजा झाली. अनसाबाईने सगळ्यांना आंबील वाढली आणि आपली वाटी घेऊन पूजेच्या कडब्याच्या कोपीला टेकून बसली. मी हाक मारली. वाटीतली आंबील सांडली नव्हती.

निलम्माला कोणी काही बोललं नाही, तिचं तिनेच ओळखलं. उरलेल्या गोळ्या माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवल्या. म्हणाली, "अण्णा, अक्काच्या वाटणीचं मी खाल्लं. मला न्हाई घ्यायच्या." समजावलं तर कानावर हात ठेवते. काल आडावरून येताना घागर खाली ठेवून वाटेतच बसली.

भीमाशंकर फोनवर म्हणाला, "अप्पा, तुमी गप बसा." मला गप बसवत नाही. डॉक्टरांची चूक नाही, असं लिहून घ्यावं.

हवालदार राघोबा यांनी हा जबाब मला मराठीतून वाचून ऐकवला. मी बोललो तेच लिहिलं आहे. सही करतो. गोळ्या सोबत आणल्या आहेत. डॉक्टरांना विचारून निलम्माला लवकर निरोप धाडावा. माझं ती ऐकत नाही, सरकारी माणसाचं ऐकेल.